‘खाजतं? मग पुढे चला’ : खरूज मोजण्याविषयी एक खुलं पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग आणि आदिवासी विकास विभाग,
महाराष्ट्र शासन.

स. न. वि. वि.

कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणात घरोघर फिरताना एक प्रश्न मी इतक्या वेळा विचारला आहे की झोपेतही तो तोंडातून निघेल. अंगावर फिकट चट्टा दिसला की विचारायचं, ‘‘खाजतं का?’’ समोरचा म्हणाला, ‘‘हो ना भाऊ, लई खाजतं, रातभर झोप नाही,’’ की आमचा जीव भांड्यात पडायचा. कुष्ठरोगाचा चट्टा खाजत नाही, दुखत नाही, बधिर असतो. खाजतंय म्हणजे आपलं काम नाही. कागदावर ‘तपासले, संशयित नाही’ असं लिहायचं, दारावर खडूने खूण करायची आणि पुढचं घर गाठायचं.

कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून मी एकतीस वर्षं नोकरी केली. बहुतेक सुरगाणा, पेठ आणि सातपुड्याच्या बाजूला. आज निवांत बसून आठवतो तेव्हा वाटतं, ‘मग पुढे चला’ म्हणत मी मागे टाकलेली खरूज माझ्या हातून सापडलेल्या कुष्ठरुग्णांच्या कितीतरी पट असणार. नेमकी किती पट, हे मला सांगता येत नाही. मी बोटांच्या बेचक्या पाहिल्या होत्या, मनगटावरच्या पुळ्या पाहिल्या होत्या, आईच्या मांडीवर किरकिरणाऱ्या पोराचे तळवे पाहिले होते. पण कागदावर त्यासाठी रकाना नव्हता, आणि सरकारी माणूस रकान्याबाहेर लिहीत नाही.

हे पत्र त्या एका रकान्यासाठी आहे.

शाळांच्या तपासणीत स्थिती थोडी बरी आहे, म्हणजे थोडीच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याच्या आजारांच्या आणि दोषांच्या यादीत त्वचाविकारांची एक ओळ आहे. त्या एका ओळीत खरूज, बुरशीचा संसर्ग आणि इसब असे तिघे दाटीवाटीने बसवलेले आहेत. ही तिघांची बेरीज म्हणजे घरात शेळ्या, कोंबड्या आणि पाहुणे मिळून सतरा आहेत असं सांगण्यासारखं झालं. आता स्वयंपाक कितीचा करायचा? नायटा झालेल्या मुलाला मलम दिलं की भागतं. इसब तर एकाचं दुसऱ्याला लागतच नाही. खरजेत मात्र ज्याला खाजतंय त्याच्यासोबत, ज्याला अजून खाजत नाही त्या सगळ्या घराला औषध द्यावं लागतं. उपचाराची पद्धतच वेगळी असेल तर आकडा वेगळा हवा, एवढं तर हिशेबनीसही मान्य करेल.

दवाखान्यातल्या बाह्यरुग्ण नोंदवहीवरून अंदाज बांधू, असं कुणी सुचवेल. त्यांनी एकदा पाड्यावर येऊन बसावं. खरजेसाठी कुणी मजुरी बुडवत नाही. ‘‘खरूजच ती, पोरांना होतेच,’’ म्हणून गंधक खोबरेल तेलात खलून लावतात, नाहीतर करंजाचं तेल चोपडतात. गंधकाला मी हसणार नाही, तो खरोखर गुणकारी आहे. वास सोसला आणि घरातल्या सगळ्यांनी लावला तर. दवाखान्यात माणूस येतो तो पुळ्यांत पू झाल्यावर, आणि मग नोंद होते ‘पुळ्या’ किंवा ‘जखम’ म्हणून. त्या खाली दडलेली खरूज नोंदवहीत येतच नाही.

आणि हा पू साधा नसतो. खाजवून कातडी फुटली की त्यातून स्ट्रेप्टोकॉकससारखे जंतू शिरतात, आणि त्या जंतूंनी कधीकधी मूत्रपिंडाला सूज येते. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी मला अजून आठवते. सकाळी उठली ती तोंड सुजलेलं, डोळे बारीक झालेले, लघवी चहाच्या पाण्यासारखी. आईला वाटलं करणी झाली. मुलीच्या दोन्ही मनगटांवर आणि बेचक्यांत जुन्या खरजेच्या खपल्या होत्या. ती बरी झाली. पण तिच्या कागदावर रोगाचं नाव मूत्रपिंडाचं लागलं. सॉलोमन बेटांवर 1990च्या दशकात पाच खेड्यांत सगळ्यांना खरजेचं औषध दिलं, तेव्हा खरूज 25 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आत आली. तिथल्या संशोधकांनी मुलांची लघवीही तपासली होती, आणि लघवीत रक्त उतरण्याचं प्रमाणही घटलेलं आढळलं. आपल्याकडे या दोन गोष्टी एका कागदावर कधी येतच नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं. कुष्ठरोग आणि हत्तीरोग त्या यादीत आधीपासून होते, आणि त्या दोघांचे कार्यक्रम आहेत, कर्मचारी आहेत, गाड्या आहेत. खरूज आली आणि दाराशीच उभी राहिली. जगभरात कोणत्याही एका वेळी वीस कोटींहून अधिक लोकांना ती असते, असा संघटनेचा अंदाज आहे. मात्र अंदाज हा शब्द नीट लक्षात घ्या. 2015 साली जगभरच्या पाहण्या गोळा करून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात खरजेचं प्रमाण कुठे 0.2 टक्के तर कुठे 71.4 टक्के निघालं. म्हणजे दुसरीकडचा आकडा उचलून आपल्या तालुक्याला लावता येत नाही. तो आपला आपणच काढावा लागतो.

आता कुणी म्हणेल, मोजून काय मिळणार, औषधाची ट्यूब द्या की मोकळे व्हा. नेमकं इथेच सगळं अडलं आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

फिजीमध्ये 2012 साली एक प्रयोग सुरू झाला. बेटांवरच्या तीन वस्त्या घेतल्या, एकूण 2,051 माणसं. पहिल्या वस्तीत आपण करतो तसंच केलं: ज्याला खरूज आहे त्याला आणि त्याच्या सहवासातल्यांना मलम. दुसऱ्या वस्तीत सगळ्यांना पर्मेथ्रिनचं मलम. तिसऱ्या वस्तीत सगळ्यांना आयव्हरमेक्टिनची गोळी. वर्षानंतर परत मोजलं. पहिल्या वस्तीत खरूज 36.6 टक्क्यांवरून 18.8 वर आली. दुसरीत 41.7 वरून 15.8 वर. तिसरीत 32.1 वरून 1.9 टक्क्यांवर. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा चष्मा पुसून पुन्हा वाचले. ज्याला झाली त्यालाच औषध देण्याची आपली पद्धत नेकीने राबवली, तरी वर्षानंतर दर पाच-सहा माणसांमागे एकाला खरूज उरतेच. फुटक्या रांजणात पाणी ओतत राहण्याचा हा प्रकार.

पण गोळी सगळ्या गावाला वाटायची तर आधी पक्कं कळायला हवं की गावात खरूज तेवढी आहे. पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बाईला ती गोळी देत नाहीत. त्यांच्यासाठी मलमाची वेगळी सोय लागते. एक आठवडा ते दोन आठवडे जाऊ देऊन दुसरा डोस द्यावा लागतो, कारण गोळी अंड्यांवर चालत नाही. एवढा खटाटोप जिथे शंभरात दोघांना खरूज आहे तिथे करणं वेडेपणाचं ठरेल. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 सालच्या मनिला इथल्या बैठकीत एक रेघ आखली गेली: 10 टक्के. तिच्यावर खरूज असेल तर सगळ्या वस्तीला औषध द्या, खाली असेल तर रुग्ण शोधून त्यांच्या घरांवर लक्ष द्या. कुठे काय करायचं हे ज्या आकड्यावर ठरतं, तो आकडा आपल्या एकाही तालुक्याचा मला कुठल्या सरकारी फलकावर दिसलेला नाही.

आता मोजायचं कसं, हे सांगतो. हातचं काम असल्यामुळे यावर थोडं अधिकाराने बोलेन.

खरजेचा कीटक म्हणजे तिळाच्या दाण्याहूनही कितीतरी लहान, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करते आणि रोज दोन-तीन अंडी घालत पुढे सरकते. गंमत अशी की रोगाचं कारण म्हणून ओळखला गेलेला हा अगदी पहिल्या कीटकांपैकी एक, आणि तो जगापुढे आला तोही पत्रातूनच. इटलीतल्या जोव्हान्नी कोसिमो बोनोमो यांनी 1687 साली फ्रांचेस्को रेदी यांना लिहिलेल्या पत्रात त्याचं वर्णन केलं होतं. पत्रांनी काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी हे सांगून ठेवतो. (अर्थात त्या पत्राचं म्हणणं वैद्यांच्या गळी उतरायला पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली. तुम्ही एवढा वेळ घेऊ नये.)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये केनेथ मेलनबी यांनी युद्धाला नकार देणाऱ्या स्वयंसेवकांवर प्रयोग केले. रुग्णांच्या घोंगड्या, त्यांचे आतले कपडे त्यांना वापरायला दिले, आणि तरी फारच थोड्यांना खरूज लागली. ती पसरते मुख्यतः अंगाला अंग लागून. एका अंथरुणात झोपून, हातात हात घेऊन. एका माणसाच्या अंगावर कीटक तरी किती, तर सरासरी अकराच्या आसपास. आणि दर तीन कीटकांतले जवळपास दोन हातावर आणि मनगटावर. अख्ख्या अंगावर दहा-अकरा कीटक शोधायचे म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली खरवड तपासून सर्वेक्षण होणार नाही, हे उघड आहे. प्रयोगशाळेची वाट बघत बसलात तर खरूज सापडणारच नाही आणि तिचा अहवाल ‘निरंक’ जाईल.

म्हणून डोळ्यांनी आणि प्रश्नांनी मोजायचं, पण नियम ठरवून. खरजेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी 2018 साली तीन पायऱ्या ठरवल्या आणि 2020 साली त्या तपशिलासह मांडल्या. कीटक, त्याची अंडी किंवा विष्ठा प्रत्यक्ष दिसली तर ‘पक्की’. बीळ दिसलं, किंवा ठरावीक जागी ठरावीक पुळ्या असून दोन्ही प्रश्नांची उत्तरं ‘हो’ आली तर ‘लक्षणांवरून निश्चित’. तसं चित्र असून एकाच प्रश्नाला ‘हो’ आलं, किंवा पुळ्यांची जागा नेहमीची नाही पण दोन्ही उत्तरं ‘हो’ आहेत, तर ‘संशयित’. आणि प्रश्न कोणते? खाजतं का, आणि ज्यांच्यासोबत राहता-झोपता त्यांच्यात कुणाला असंच होतंय का. पुरुषांच्या गुप्तांगावरच्या गाठींचाही त्यात निकष आहे, पण शाळेत आणि ओसरीवर तो लावता येणार नाही, आणि लावूही नये.

पहिला प्रश्न ओळखीचा वाटला ना? ‘‘खाजतं का?’’ तोच. आम्ही तो विचारत होतोच. फक्त ‘हो’ आल्यावर थांबायचं सोडून चालू पडायचो.

बीळ ओळखणं सोपं नाही, हेही कबूल करतो. पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीचे असतात, त्यांत ती रेघ पेन्सिलीने ओढल्यासारखी दिसते. आपल्या सावळ्या-काळ्या हातांवर, शेतात राबलेल्या राठ तळव्यांवर ती हरवते. जुन्या डॉक्टरांकडून मी एक युक्ती शिकलो: संशय आलेल्या जागी शाईच्या पेनाची शाई लावायची आणि ओल्या बोळ्याने पुसायची. बीळ असेल तर शाई आत उरते आणि बारीक वाकडी रेघ उमटते. मुलांना हा खेळ भलताच आवडतो, स्वतःहून हात पुढे करतात.

शिकवल्याशिवाय हे काम आशाताईंच्या गळ्यात मात्र मारू नका. सॉलोमन बेटांवर थोड्या प्रशिक्षणानंतर स्थानिक परिचारिकांची नजर तज्ज्ञांच्या नजरेशी ताडून पाहिली, तर तज्ज्ञांनी ओळखलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून थोडेच अधिक त्यांना ओळखता आले. ज्यांना नव्हती त्यांना ‘नाही’ म्हणण्यात त्या बऱ्याच चांगल्या होत्या. म्हणजे अर्धवट शिकवलेला माणूस आकडा फुगवत नाही, कमी दाखवतो. वरच्यांना कमी आकडा आवडतो, म्हणून तर मला जास्त काळजी. प्रत्येक तालुक्यात दहातली एक-दोन तपासणी पथकं निवडून त्यांच्या मागोमाग त्वचारोगतज्ज्ञाने तीच मुलं पुन्हा तपासली, तर नजरेतला फरक किती हे तरी कळेल. कुष्ठरोगात आम्ही फेरतपासणी करायचो, तशीच.

एक गोष्ट मात्र सोयीची आहे. हात, पावलं आणि गुडघ्याखालचे पाय एवढंच पाहिलं तरी खरजेच्या दहातल्या नऊहून अधिक रुग्णांची ओळख पटते, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं आहे. कपडे उतरवायची गरज नाही. आश्रमशाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलींना रांगेत उभं करून अंगतपासणी झाल्याचं मी पाहिलं आहे, आणि त्या दिवशी त्या मुली जेवल्या नव्हत्या. हात पुढे करायला कुणी लाजत नाही. मुलींची तपासणी बाईनेच करावी, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

तपासणी कधी करायची, याला फार महत्त्व आहे आणि त्याचा विचार कुणीच करत नाही. पहिल्यांदा खरूज लागलेल्या माणसाला लगेच खाज येत नाही. चार ते सहा आठवडे जातात. तोवर तो इतरांना देत राहतो. आता शाळेचं वेळापत्रक पाहा. जूनच्या मध्यावर मुलं येतात, तिघं-चौघं एका सतरंजीवर झोपतात. जूनअखेर तपासणी पथक आलं तर सगळं छान असतं. खाज सुरू होते ऑगस्टमध्ये. मग दिवाळीला मुलं घरी जातात, धाकट्या भावंडांच्या कुशीत झोपतात, आणि डिसेंबरमध्ये पाड्यावर खाज सुरू होते. थंडीत एका गोधडीखाली सगळं घर. सुट्टी संपवून परत येताना हाच माल पुन्हा वसतिगृहात. म्हणून एकदा ऑगस्टअखेर आणि एकदा जानेवारीत, असं मोजल्याशिवाय शाळेचा खरा आकडा हाती लागणार नाही.

आणि कुणाला मोजायचं? फिजीत 2007 साली देशभर पाहणी झाली, 10,887 माणसं तपासली. खरूज निघाली 23.6 टक्के. पण तपासलेल्यांत कोणत्या वयाचे किती आणि कुठले किती, हे जनगणनेशी जुळवल्यावर आकडा उतरला 18.5 टक्क्यांवर. दोन्ही आकडे खरे आहेत, पण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत तिथे 43.7 टक्के होती. म्हणजे फक्त शाळा मोजून ‘तालुक्यात इतकी खरूज’ म्हणाल तर फसाल, आणि फक्त घरी सापडलेले मोठे मोजाल तर उलट्या बाजूला फसाल. शाळेचा आकडा शाळेचा म्हणून लिहावा. गावाचा हवा असेल तर काही पाडे निवडून तिथलं प्रत्येक घर पाहावं, रांगणाऱ्या मुलापासून आजीपर्यंत. तान्ह्या बाळाचे तळवे आणि डोकंही बघावं, कारण मोठ्यांत खरूज डोक्यावर सहसा जात नाही, बाळांत जाते.

आणखी एक खाचखळगा. एका खोलीतल्या वीस मुलांना तपासलं म्हणजे वीस वेगवेगळे पुरावे मिळाले असं होत नाही. एकाला असेल तर शेजारच्यांना असणारच. दहा खोल्यांतली दोन-दोन मुलं जे सांगतील ते एका खोलीतली वीस सांगणार नाहीत. संख्याशास्त्रवाले याला भारदस्त नाव देतात. आमच्या भाषेत, शितावरून भाताची परीक्षा करायची तर शितं पातेल्याच्या वेगवेगळ्या कडांची घ्यावीत.

घरी नसलेल्यांचंही पाहा. आमचं सर्वेक्षण हिवाळ्यात, आणि तेव्हा अर्धा पाडा वीटभट्टीवर, ऊसतोडीला, द्राक्षबागांत. दारावर ‘घर बंद’ अशी खूण करून आम्ही निघायचो. कोप्यांत दाटीने झोपणाऱ्या त्या लोकांत खरूज सगळ्यांत जास्त असणार, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. ‘घर बंद’ म्हणजे ‘खरूज नाही’ असं मात्र बेरजेत कधी होऊ नये.

आता अवघड भाग. शाळांना हे नको आहे.

एका आश्रमशाळेत (नाव सांगणार नाही, मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता) आम्ही येणार हे आदल्या दिवशी कळलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा पटावरची बरीच मुलं ‘घरी गेली आहेत’. परत निघताना विहिरीमागच्या शेडमध्ये ती बसलेली दिसली, कुणी पाय खाजवत, कुणी गोट्या खेळत. माझ्याकडे बघून एकाने पटकन मूठ मिटली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत बोटांच्या बेचक्या होत्या. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘भाऊ, आकडा वर गेला तर नोटीस मला येते, मलम नाही येत.’’ मला यावर उत्तर सुचलं नव्हतं. आजही सुचलेलं नाही. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल?

तुमच्याकडे पाचशेच्या आसपास शासकीय आणि जवळपास तितक्याच अनुदानित आश्रमशाळा आहेत. त्यांतल्या एकालाही खरजेच्या आकड्यावरून कारणे दाखवा नोटीस जाणार नाही, असं नाशिकच्या आयुक्तालयाने लेखी कळवलं, तर मोजणीचं अर्धं काम तिथेच होईल. खरूज ही मुख्याध्यापकाची चूक नाही. तीन मुलांमागे एक गादी ही त्याच्या हातातली गोष्ट नाही. आणि अस्वच्छतेने खरूज होते, हे आपण भिंतींवर रंगवून ठेवलेलं वाक्यही आता पुसा. रोज अंघोळ करणाऱ्यालाही ती होते. दाटी आणि सहवास पुरतो. त्या वाक्याने मुलं ‘खरजुल्या’ म्हणून चिडवली जातात, आणि चिडवलेलं मूल मूठ मिटतं.

आकडा बिघडवणारी आणखी एक गोष्ट शहरातून खेड्यात पोचली आहे. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारं ‘ऑल-इन-वन’ मलम, ज्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र असतं. चार दिवस लावलं की लाली जाते, खाज दबते, कीटक मात्र आत खुशाल वाढतात. अशा हातावर खरूज ओळखताना माझीही नजर चुकली आहे. म्हणून तपासताना ‘कोणतं मलम लावता?’ हेही विचारायला हवं, आणि रिकामी ट्यूब दाखवायला सांगायला हवी. नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, ट्यूब मात्र खिडकीत असते.

एक संधी आपण डोळ्यांदेखत जाऊ दिली, तिची रुखरुख आहे. हत्तीरोगासाठी तीन औषधांची एकत्र मोहीम देशात सुरू झाली तेव्हा पहिल्या जिल्ह्यांत नागपूर होता, जानेवारी 2019 मध्ये. त्या तीन औषधांत एक आयव्हरमेक्टिन. म्हणजे खरजेवर चालणारी गोळी नागपूर जिल्ह्यात घरोघर कर्मचाऱ्यांसमोर गिळली गेली. मोहिमेआधी शंभर-दोनशे घरांतले हात पाहिले असते आणि काही महिन्यांनी पुन्हा पाहिले असते, तर एका डोसाने आपल्या मातीत किती खरूज कमी होते हे नव्या रुपयाचा खर्च न करता कळलं असतं. हत्तीरोगाच्या पुढच्या फेऱ्या जिथे ठरतील, तिथे हे अजूनही करता येईल. दोन कार्यक्रमांच्या अधिकाऱ्यांनी एकदा एकाच टेबलावर चहा घ्यावा लागेल, एवढीच अट. आमच्या जिल्ह्यात ती दोन्ही दालनं समोरासमोर होती आणि मधल्या व्हरांड्यातून फक्त शिपाई ये-जा करायचा.

मोजलं आणि औषध नाही, असं मात्र करू नका. त्यापेक्षा मोजूच नका. ज्या दिवशी पथक शाळेत जाईल त्या दिवशी त्याच गाडीत पर्मेथ्रिन, बेंझिल बेंझोएट, गोळ्या जे काही असेल ते मुलांच्या पटाच्या हिशेबाने असायला हवं, शिवाय मुलांच्या घरांसाठीही. एकदा औषध देऊन विसरलं तरी चालणार नाही. पनामाच्या सान ब्लास बेटांवर कुना लोकांत सगळ्यांना मलम लावून खरूज 33 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या खाली आणली होती, आणि बाहेरून आलेल्यांवर लक्ष होतं तोवर तीन वर्षं ती दीड टक्क्याच्या खाली राहिली. लक्ष सुटलं तशी ती परतली. आपल्याकडे बाहेरून येणारे म्हणजे सुट्टीहून येणारी आपलीच मुलं.

तर मागणी एवढीच. कुष्ठरोगाच्या पुढच्या सक्रिय शोध मोहिमेचे कागद छापायला जाण्याआधी त्यांत ‘खरूज’ नावाचा रकाना टाका. त्यात चार गोष्टी मावतात: खाज आहे की नाही, सोबत राहणाऱ्यांत कुणाला आहे का, हात-पायांवर कुठे, आणि निष्कर्ष ‘निश्चित’, ‘संशयित’ की ‘नाही’. कार्यकर्ता घरात आहेच, कातडी बघतो आहेच, प्रश्न विचारतो आहेच. शाळा तपासणीच्या कागदावर त्वचाविकारांची ओळ तोडून तिच्या तीन ओळी करा. पहिल्या वर्षी सगळा महाराष्ट्र नको. नंदुरबार, पालघर, गडचिरोली यांतला एकेक तालुका घ्या, आकडा नीट काढा, आणि तो आहे तसा फलकावर लावा. दहाच्या वर आला तर काय करायचं हे ठरलेलंच आहे. खाली आला तर आम्ही निवृत्त मंडळी पेढे वाटू.

प्रशिक्षणासाठी माणूस हवा असेल तर मी येईन, मानधन नको, एसटीचं तिकीट मात्र द्या. भिंग माझं आहे. शाईची दौत पण घरात आहे, वाळली नसेल तर.

कागद दरवर्षी छपाईला कधी जातात हे मला ठाऊक आहे, म्हणून पत्र आत्ताच धाडतो आहे.

कळावे,
आपला,
एक सेवानिवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ